बुश, स्लीव्ह, कॉलर

पुण्याच्या कॉलेजात मी दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतली ती निव्वळ हट्टापायी. सगळे म्हणत होते संस्कृत घे, नात्यात शिकवायला माणसं आहेत, मार्कही चांगले पडतील. एवढं सगळ्यांचं एकमत झालेलं बघितलं की माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरायचं, आताही फिरतं. म्हणून जर्मन. चंद्र, नदी, लिंडनचं झाड आणि दूर देशी गेलेला प्रियकर यांच्याबद्दल बरंच काही पाठ करून मी बी.ए. झाले आणि धारवाडला परत येऊन मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. जर्मनचा उपयोग इतकाच उरला, की कोणी डिवचलं तर मनातल्या मनात त्या भाषेत शिवी देता यायची. तीही सौम्यच, कारण कवितांमध्ये शिव्या फारशा नसतात.

मग जर्मनीशी लढाई सुरू झाली. शेजारचे वकील एका संध्याकाळी येऊन अप्पांच्या कानाशी लागले, की पोरीची ती जर्मन पुस्तकं माळ्यावर टाका, दिवस बरे नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी ती सगळी बैठकीच्या खोलीत, दारातून शिरताक्षणी दिसतील अशी मांडली.  अप्पांनी फक्त त्या पुस्तकांपुढे एक जाडजूड इंग्रजी व्याकरण उभं करून ठेवलं.

घरात आम्ही दोघंच. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. थोरलीला बेळगावला दिलेली, ती बाळंतपणाला आणि दिवाळीला यायची. अप्पा म्हणजे माझे वडील हायस्कुलातून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. धारवाड-हुबळीत ज्याला म्हणून इंग्रजीत अर्ज खरडता येत होता, त्याने बहुतेक अप्पांची छडी खाल्लेली होती. मळमड्डीतल्या आमच्या घरी रोज कोणी ना कोणी कागद घेऊन यायचं. बदलीचा अर्ज असे, कोर्टातली कैफियत असे, कोणाच्या मुलाची नोकरीसाठी विनंती असे. अप्पा व्हरांड्यात बसून तो तांबड्या शाईने दुरुस्त करायचे. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या ओळखीतल्या कुठल्याही घरातून इंग्रजीचा कागद बाहेर पडत नसे. लोकांना त्यात काही जाच वाटत नव्हता. देवाला नैवेद्य दाखवून मग पान वाढावं, इतकी ती साधी गोष्ट होती.

त्यांचा एक नियम सगळ्या विद्यार्थ्यांच्या अंगात भिनलेला होता. निबंधात एका परिच्छेदात एक नाम एकदाच. पोराने दुसऱ्यांदा 'नदी' लिहिली की तिच्याभोवती तांबडं वर्तुळ. तिथे ओघ लिही, प्रवाह लिही, काय वाटेल ते लिही, पण नदी पुन्हा नको. आत्ताच वापरलेला शब्द जो लगेच पुन्हा वापरतो त्याची झोळी रिकामी आहे, असं ते म्हणत. मीही त्याच वर्तुळांखाली वाढले.

माझं मात्र त्या घरात आणि त्या गावात मन लागत नव्हतं. घर, शाळा, घर. स्थळं यायची ती हळूहळू थांबली, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण ती थांबल्यावर पुढे काय, हे कोणी बोलेना. शाळा सुटली की मी मुद्दाम वाकडी वाट करून स्टेशनवरून घरी यायचे. पुण्याकडची गाडी निघून जायची आणि माझे पाय उगीच भरभर चालायला लागायचे. मला जायचं होतं. कुठे आणि कशाला, ते मला नीट सांगता आलं नसतं. रात्रीचं जेवण झालं की मी परसात येरझाऱ्या घालायचे आणि अप्पा आतून विचारायचे, काय हरवलंय का.

अशात हुबळीचे एक जिनिंग फॅक्टरीवाले घरी आले. मूळचे सांगलीकडचे, तीन पिढ्या हुबळीच्या बाजारात कापसाचा व्यापार. अप्पांचे विद्यार्थी. पोट सुटलेलं, डोक्याला टोपी, तरी अप्पांसमोर खुर्चीच्या काठावर बसायचे. त्यांच्या फॅक्टरीत सरकी काढायची सगळी यंत्रं एका जर्मन तेल-इंजिनावर चालत. दर वर्षी कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी इंजिन विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीकडून एक जर्मन यायचा, इंजिन पूर्ण खोलायचा, साफ करून जोडायचा आणि जायचा. लढाई लागल्यावर त्याला धरून कुठल्याशा छावणीत ठेवलं. राहिलं ते इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक, आणि ते जर्मनमध्ये.

मालकांनी मुंबईला लिहिलं तेव्हा कंपनीने उत्तर पाठवलं की असली पुस्तकं आमच्याकडे कपाटभर पडली आहेत आणि ती वाचणारा एकही माणूस उरलेला नाही. तुमच्याकडे कोणी असेल तर त्या पुस्तकाचं इंग्रजी करून घ्या. त्या इंग्रजीवरून तुमच्या माणसांनी इंजिन खोलून पुन्हा जोडलं आणि ते चाललं, तर ज्याने हे काम केलं त्याला आमच्या मुंबईच्या ऑफिसात नोकरी आहे. मालकांनी हे सगळं सांगितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, आपल्या ताईंना जर्मन येतं म्हणून विचारायला आलो. अप्पा हसले. मी हसले नाही. मी चहा करायला आत गेले आणि त्यात साखर दोनदा घातली.

पुस्तक हातात आलं आणि पहिल्याच पानावर माझी फजिती झाली. इंजिनात जागोजागी मुटर होत्या. मुटर म्हणजे आई, हे मला कवितांवरून पक्कं ठाऊक. इथे मात्र त्या आया पान्याने पिळून घट्ट करायच्या होत्या. मग वेले, म्हणजे लाट. ती लोखंडाची आणि गोल फिरणारी. फेडर म्हणजे पीस, ते दाबलं की उसळतं. एका ठिकाणी हान, म्हणजे कोंबडा, उघडून तेल सोडायला सांगितलं होतं. माझ्या कोशात यातलं एकाचंही यंत्रातलं नाव नव्हतं. कोश करणाऱ्याने बहुतेक माझ्याच कॉलेजात शिक्षण घेतलं असावं. चार दिवस मी त्या पुस्तकाशी भांडले. मग अप्पांना म्हटलं की मला ते इंजिन बघायचं आहे.

तरण्या, बिनलग्नाच्या मास्तरणीने कापसाच्या फॅक्टरीत जायचं म्हणजे अप्पा बरोबर हवेतच. रविवारी आम्ही दोघं गाडीने हुबळीला गेलो. मालकांनी अप्पांना ऑफिसात गादीवर बसवलं, चहा मागवला, आणि शाळेच्या गोष्टी काढल्या. अप्पा इंजिनाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. धोतराला तेल लागेल, असं एकदा म्हणाले, आणि खरं म्हणजे त्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्यांच्या मते काम इंग्रजीचं होतं, आणि इंग्रजी तर कागदावर असतं.

आत मी आणि मिस्त्री. मिस्त्री कलघटगीकडचा, दांडगा, मोठ्याने बोलणारा. आधी त्याला बाईमाणसाशी काय बोलावं ते कळेना. मग मला कानडी येतंय असं बघून तो कानडीत सुटला तो थांबेना. दर वर्षी त्या जर्मनाच्या हाताखाली काम केल्यामुळे आपल्याला सगळं माहीत आहे, असा त्याचा दावा होता. पण कुठली वस्तू कशानंतर बसवायची असं विचारलं की तो तिथे नुसता हात फिरवून पुढे जायचा. नावं मात्र त्याने चोख सांगितली. मी चित्रावर बोट ठेवायचे, तो गोणपाटावर मांडलेल्या जुन्या, बदलून टाकलेल्या सामानातून ती वस्तू उचलून दाखवायचा आणि हुबळीच्या सगळ्या कारखान्यांत तिला जे म्हणतात ते सांगायचा. आई म्हणजे नट. लाट म्हणजे शाफ्ट. पीस म्हणजे स्प्रिंग. कोंबडा, म्हणजे तेलाची तोटी, मात्र इंग्रजीतही कॉक म्हणजे कोंबडाच निघाला, आणि ते ऐकून मी एवढी हसले की मिस्त्री दचकून मालकांना बोलवायला निघाला.

एक बोटभर लांबीची पितळी नळी होती. इंजिनातल्या झडपेचा दांडा तिच्यातून सरळ वर-खाली सरकायचा. ती नसली तर दांडा डुगडुगणार आणि झडप नीट बसणार नाही. जर्मनमध्ये तिचं नाव हे लांबलचक. मिस्त्री म्हणाला, बुश. मी लिहून घेतलं, बुश.

पुढचे कितीतरी आठवडे मी शाळेतून आले की त्या कामाला बसायचे. बसायचे म्हणजे एक वाक्य लिहायचं, उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. पण ती येरझार आधीसारखी नव्हती. तिला तोंड होतं, ती मुंबईकडे जात होती. स्वयंपाकात माझं लक्ष नव्हतं, भाकरी करपायच्या. अप्पा मुकाट्याने काळं खरवडून खायचे. एकदा ते म्हणाले की मुंबईची हवा दमट, तुला सोसणार नाही. एकदा म्हणाले की बेळगावच्या शाळेतही जागा निघते म्हणतात, तिथे ताईही आहे. एकदा नुसतंच विचारलं, तिकडे राहणार कुठे. मी प्रत्येक वेळी तोडून उत्तर दिलं. आई गेल्यापासून घर मी बघत होते. मी गेले की या घरात ते एकटे, हे त्यांना जितकं दिसत होतं तितकंच मलाही. पण ते मोठ्याने म्हणत नव्हते, आणि ते म्हणत नाहीत तोवर मला त्याचं उत्तर द्यावं लागत नव्हतं.

काम संपलं तेव्हा मी ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. न ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या घरातून इंग्रजी कागद तसाच बाहेर गेला असता तर आधी कागद तपासून नेलेल्या सगळ्या माणसांना हसू आलं असतं. अप्पांनी ते चष्मा पुसून घेतलं आणि चांगले आठवडाभर ठेवून घेतलं. इतका वेळ त्यांनी कुठल्या अर्जाला दिलेला मी बघितला नव्हता. मग एक दिवस मी शाळेतून आले तर ते खुशीत. कोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून त्यांनी सगळं टाईप करून घेऊन परस्पर हुबळीला पाठवूनही दिलं होतं. तुझे हेलपाटे वाचले, म्हणाले. मी वरवर आभार मानले. माझा हस्तलिखित गठ्ठा टाईपवाल्याकडेच राहिला होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हुबळीत इंजिन खोललं आहे, एवढा निरोप आला. मग काहीच नाही. शेतात कापूस फुटायला लागला, बाजारात हंगामाची बोलणी सुरू झाली, तरी इंजिन सुरू झाल्याची बातमी येईना. शाळेत मी मुलींवर खेकसायला लागले. घरी पोस्टमन दिसला की उठायचे आणि तो पुढे गेला की उगीच अंगणातली फुलझाडं उपटायचे. त्यात चांगलीही उपटली गेली.

एका दुपारी अप्पा पुराणाला गेले असताना फॅक्टरीचा माणूस एक पाकीट घेऊन आला. मास्तरांनी तपासून द्यावं म्हणून, म्हणाला. मालकांनी मुंबईच्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं आणि रिवाजाप्रमाणे ते दुरुस्तीला पाठवलं होतं. मी पाकीट उघडलं. पत्रात लिहिलं होतं की इंजिन खोलल्यावर असं आढळलं, की त्यातली झडपेजवळची स्लीव्ह आणि तिथलीच कॉलर गायब आहे. तरी दोन्ही वस्तू त्वरित पाठवाव्यात, तोवर इंजिन जोडता येत नाही.

मी ते पुन्हा वाचलं. माझ्या लिखाणात झडपेजवळ स्लीव्ह नव्हती. कॉलरही नव्हती. शेजारच्या वकिलीणबाईंना किल्ली देऊन मी जशी होते तशी स्टेशनवर गेले आणि हुबळीच्या गाडीत चढले. एकटीने तो प्रवास मी त्याआधी कधी केला नव्हता. अमरगोळ स्टेशन गेलं तरी मला आपण एकट्या आहोत हे आठवलं नाही, इतकी मी तापले होते.

फॅक्टरीत इंजिन उघडं पडलं होतं. गोणपाटावर भाग ओळीने मांडलेले, आणि मिस्त्री, सुपरवायझर आणि दोन गडी खोलीचे कानेकोपरे केरसुणीने झाडत होते. हरवलेली स्लीव्ह शोधत होते. भिंतीकडचं रिकामं पिंपही उलटं करून झालं होतं. सुपरवायझरच्या हातात टाईप केलेले कागद होते. तो इंग्रजी वाचून कानडीत सांगायचा आणि मिस्त्री करायचा, असं ठरलं होतं. मी ते कागद हिसकावूनच घेतले.

मी लिहिलं होतं: बुश पुसून घ्यावा. बुशला आतून तेल लावावं. बुश दाबून बसवावा. कागदावर होतं: बुश पुसून घ्यावा. स्लीव्हला आतून तेल लावावं. कॉलर दाबून बसवावी. पुढेही तसंच.  अप्पांनी माझ्या झोळीत शब्द भरून दिले होते.

मिस्त्रीने बुश पुसून बाजूला ठेवला होता, आणि त्या दिवसापासून सगळे स्लीव्ह शोधत होते. यंत्राच्या कामात बुश, स्लीव्ह आणि कॉलर या तीन खरोखरच्या वेगळ्या वस्तू असतात. कोणत्याही कारखान्यात विचारा, तीन वेगळ्या वस्तू आणून दाखवतील. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आणि खरं सांगायचं तर आली असती तरी उपयोग नव्हता. मालक आत आले, मला एकटीला बघून चमकले, आणि मी विचारायच्या आत म्हणाले, "मास्तरांनी लिहिलंय म्हणजे असणारच की, ताई. आमच्या इंजिनात नाही, ही गोष्ट वेगळी."

त्यांच्या मनात अप्पांच्या इंग्रजीत चूक असण्यापेक्षा एवढं मोठं इंजिन अपुरं असणं जास्त शक्य होतं. सुपरवायझरही अप्पांच्याच हाताखालून गेलेला. आणि मिस्त्री, ज्याने ते इंजिन दर वर्षी उघडलेलं बघितलं होतं, त्यालाही ते पटलं होतं. त्याने मला बाजूला घेऊन आपला तर्क सांगितला. "अवन ओय्दान्री, अक्कोरे." त्यानेच नेली, बाई. तो म्हणजे जर्मन. लढाई लागणार हे त्याला आधी कळलं होतं, म्हणून गेल्या खेपेला जाताना इंजिन पुन्हा चालू नये म्हणून त्याने त्या दोन वस्तू खिशात घालून नेल्या. सगळ्यांना हे ऐकून बरं वाटलं होतं. दोष देण्याजोगा माणूस मिळाला होता आणि तो छावणीत होता.

मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटत होतं की मास्तर चुकलेत. तोंडाशी आलं होतं. पण मालक टोपी सावरून उभे होते, सुपरवायझर उभा होता, आणि अप्पांचं नाव निघालं की जशी मान खाली जाते तशी दोघांची गेलेली होती. मी एवढंच म्हटलं की मूळ पुस्तक पुन्हा बघावं लागेल, हे कागद मी नेते, मुंबईला एवढ्यात पत्र टाकू नका. परतीच्या गाडीत मी बसले नाही. दारापाशी उभी राहिले आणि अप्पांना काय काय बोलायचं ते जुळवत राहिले.

घरी आले तर अप्पा व्हरांड्यात. वकिलीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं. ते माझी वाट बघत पायऱ्यांवर उभे होते, पण मी दिसताच खुर्चीत जाऊन बसले. मी ते टाईप केलेले कागद त्यांच्या मांडीवर टाकले आणि म्हटलं की बुश, स्लीव्ह आणि कॉलर ही एकच वस्तू आहे आणि हुबळीत चार माणसं उरलेल्या दोन वस्तू केरात शोधताहेत. ते म्हणाले की एकच वस्तू आहे हे त्यांना माहीत होतं. वाचणाऱ्यालाही ते संदर्भावरून कळायला हवं. मी म्हटलं, वाचणाऱ्याच्या हातात पाना आहे अप्पा, त्याला संदर्भ नको, वस्तू पाहिजे.

त्यांनी ते कागद उचलून कडा जुळवायला घेतल्या. ते बघून माझा आणखी संताप झाला, आणि गाडीत जुळवलेलं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"मी मुंबईला जाऊ नये म्हणून तुम्ही हे केलंत."

अप्पांनी चष्मा काढून हातात धरला. शेजारच्या घरात कोणी भांडी घासत होतं ते थांबलं, इतकं मी मोठ्याने बोलले असणार.

"तू जाऊ नयेस असं वाटतं," ते म्हणाले. "रोज वाटतं. ते खोटं नाही. पण म्हणून नाही केलं. त्यावर तुझं नाव जाणार होतं. कोणी हलकं म्हणू नये म्हणून केलं."

 इतके महिने जे ते बोलत नव्हते ते बोलून झालं होतं, आणि मी मागितलं म्हणून बोलून झालं होतं. मी आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी भाकरी करपली नाही.

सकाळी उठले तर अप्पा आधीच आंघोळ करून कागद घेऊन बसलेले. तांबड्या शाईने ते स्लीव्ह खोडून बुश लिहीत होते, कॉलर खोडून बुश लिहीत होते. प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत. मध्येच त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं की दांड्यालाही सगळीकडे दांडाच म्हणायचं का. मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि तिथेही खोडलं. मी जर्मन पुस्तक उघडून शेजारी बसले आणि ओळ न् ओळ ताडून घेतली. 

रविवारी ते माझ्याबरोबर हुबळीला आले आणि ऑफिसात न थांबता सरळ इंजिनाच्या खोलीत आले. मालक गडबडून खुर्ची घेऊन धावले. अप्पांनी मिस्त्रीला कानडीत म्हटलं की तो बुश दाखव बघू. मिस्त्रीने तो फडक्याने पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. अप्पांनी तो उजेडाकडे धरून त्यातून आरपार बघितलं. "एवढासा," म्हणाले. मग मालकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी सांगितलं की इंजिनातलं काहीही हरवलेलं नाही, चूक लिहिण्यात होती आणि ती त्यांची होती. मालकांनी ते ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून पटल्याचं दिसत नव्हतं. मला वाटतं ते मरेपर्यंत त्या जर्मनालाच दोष देत राहिले असावेत.

सुपरवायझरच्या ऐवजी अप्पाच वाचायला लागले. खुर्चीत ताठ बसून, वर्गात वाचायचे तशा आवाजात ते एक वाक्य वाचत, मग मिस्त्रीला कानडीत सांगत, आणि मिस्त्रीचं होईपर्यंत थांबत. बुश पुसून घ्यावा. बुशला आतून तेल लावावं. बुश दाबून बसवावा. मी मिस्त्रीच्या बाजूला चित्र धरून उभी होते. अप्पांच्या धोतराच्या काठाला तेल लागलं आणि त्यांनी पाय बाजूला घेतले नाहीत. ते सगळं काम एका रविवारी झालं नाही, आणखी काही फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी एकदा मिस्त्रीने दाबून ठेवलेली हवा सोडली, मोठं चाक जड जड फिरलं, वर धुराचा गोळा उडाला आणि इंजिन ठोके द्यायला लागलं. हंगामाला दोन-चार दिवस उशीर झाला, एवढंच. मिस्त्री मला म्हणाला की मी सांगितलंच होतं, सगळं सामान आहे म्हणून. 

मालकांनी मुंबईला कळवलं. मग पुन्हा ती वाट बघणं. या खेपेला फुलझाडं उरलेली नव्हती.

पत्र आलं ते माझ्या नावाने नव्हतं, अप्पांच्या नावाने होतं. अविवाहित मुलगी, तिला परगावी नोकरीवर बोलवायचं, तर वडिलांना विचारायचं, ही त्या काळची रीत. कंपनीने लिहिलं होतं की आपल्या मुलीचं काम पसंत पडलं आहे, आपली संमती असेल तर तसं कळवावं. अप्पांनी पत्र वाचून माझ्या हातात दिलं. उत्तर मी लिहितो, म्हणाले.

त्यांना ते लिहायला इतका वेळ का लागतोय ते मला कळेना. ज्यांनी अख्ख्या जिल्ह्याचे अर्ज उभ्या-उभ्या लिहून दिले ते एका होकारासाठी दिवसामागून दिवस व्हरांड्यात बसले. कागद भरायचे, फाडायचे. दुरुस्तीला आलेल्या लोकांना नंतर या म्हणून परत पाठवायचे. मी दारातून आत, आतून परसात, परसातून पुन्हा दारात. विचारायची हिंमत होत नव्हती. नाही लिहिलं तर काय करायचं, याची उत्तरं मी जुळवून ठेवत होते, आणि ती सगळी मला वाईट दिसत होती. पळून जाण्याइतकी मी शूर नव्हते आणि राहण्याइतकी चांगली नव्हते.

मग एका सकाळी, मी शाळेला निघताना, त्यांनी मला बोलावलं. एक कागद पुढे केला आणि म्हणाले, "बघून घे. काही बदलायचं असलं तर बदल."

त्या घरात कोणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी कागद घेतला. वर तारीख, खाली सही, आणि मध्ये एकच ओळ, शाळेतल्या पहिल्या इयत्तेच्या पोराने लिहावी इतकी साधी. माझी मुलगी येईल. मी ती उभ्यानेच वाचली, आणि मग पुन्हा वाचली, आणि मला जोरात रडू आलं. मला जे जे हवं होतं ते सगळं त्या ओळीत होतं, आणि त्यांना हवं होतं त्यातलं काहीच नव्हतं.